टिटवीच्या कीलवरचे फोड

"किती आहेत?" चीफसाहेबांनी विचारलं.

मी टिटवीच्या पोटाखाली उताणी पडून वर बघत होते. पौष पौर्णिमेच्या भरतीला आम्ही तिला विंचने ओढून गोदीत घेतली होती आणि तिच्या अंगावरून अजून पाणी ठिबकत होतं.

"एकशे बारापर्यंत मोजले," मी म्हटलं. "पुढचे मोजून काही फायदा नाही."

टिटवी म्हणजे एकतीस फुटी, शिडाची, फायबरची होडी. अशा होडीच्या पोटाखाली मधोमध एक जाड पातं पाण्यात उतरलेलं असतं. त्याला कील म्हणतात. लाकडी होडीच्या तशा भागाला आमचे जुने सुतार पठाण म्हणत. टिटवीच्या कीलच्या आत लोखंडाचं वजन भरलेलं होतं आणि वरून फायबर चढवलेलं होतं. त्या वजनाच्या जिवावर होडी वाऱ्यात कलली तरी पुन्हा सरळ होते. नेमक्या त्या कीलवर दोन्ही अंगांनी रुपयाएवढे फोड उठले होते.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका फोडात खुपसलं. तपकिरी, चिकट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी हात नाकाशी नेला. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला आणि मी खूश झाले, कारण रोग ओळखीचा निघाला होता. फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरातून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनात कालवलं जातं आणि फुगून वर येतं. फोड ग्राइंडरने उघडायचे, पाण्याने धुऊन धुऊन आतली घाण काढायची, वाळवायचं, मग इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं राळेसारखं रसायन, भरायचं. एवढंच.

"पाच आठवडे," मी बाहेर सरकत म्हटलं. "शिमग्याच्या आधी तुमची टिटवी पाण्यात."

माझे वडील, आबा, विंचपाशी बसून तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांची हयात लाकडी होड्या बांधण्यात गेली होती आणि फायबरला ते 'तुझा ता प्लास्टिक' म्हणत. पण देवगडच्या आमच्या खाडीत लाकडी होडी बांधून घेणारं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मी गोव्यात एका गोदीत तीन वर्षं फायबरचं काम शिकून आले होते. वय एकोणतीस. मला येत नाही असं त्या वेळी जगात काही होतं की नाही, आठवत नाही.

चीफसाहेबांना आम्ही चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, कप अलगद ट्रॉलीच्या फळीवर ठेवला आणि होडीभोवती फेरी मारायला निघून गेले. कप तसाच राहिला. त्यावर साय धरली.

त्यांचं नाव अच्युत प्रभुदेसाई. चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना चीफसाहेब म्हणत. सावंतवाडीत एकटेच राहत. दर शनिवारी सकाळी त्यांची जुनी गाडी उतार उतरून गोदीत यायची. खाली उतरताना त्यांच्या खांद्याला पाण्याची मोठी बाटली असायची, फेल्टचं आवरण असलेली. दुसऱ्या शनिवारपासून ती कधी चुकली नाही. आम्ही चहा विचारला की ते हात जोडून म्हणायचे, "आत्ताच घेऊन आलोय."

सावंतवाडीहून आमच्या गोदीपर्यंत दोन तास लागतात. आत्ताच कुठून घेऊन येणार? माझ्या आजीने सांगितलेल्या गोष्टी मला पाठ होत्या. देसायांच्या घरी आमची माणसं कामाला गेली की पाणी ओंजळीत वरून ओतत, आणि देसाई आमच्या दारात आले तर पाण्याला शिवत नसत. मी काही बोलले नाही, पण प्रत्येक शनिवारी ती बाटली माझ्या डोळ्यांत खुपायची. आईला मी बजावलं होतं की विचारायचं सोडायचं नाही. नाही म्हणू दे त्यांना दर वेळी.

काम मात्र मी झोकून देऊन केलं. हसनभाई मुकादम ग्राइंडर धरायचे आणि मी त्यांच्या मागून एकेक खड्डा तपासत जायची. हसनभाई आबांच्या वेळचे कारागीर, हात इतका हलका की फायबरचा धागासुद्धा विनाकारण तुटत नसे. आठ दिवसांत सगळे फोड उघडले. मग धुणं सुरू झालं. गोदीच्या मागे आमची विहीर आहे. पणजोबांनी खणलेली, गोडी बाव म्हणतात तिला. खाडीला इतकी लागून असून पाणी गोड, म्हणून पंचक्रोशीत तिचं कौतुक. पंप लावून रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मी कील धूत असे. दुपारी ऊन आणि वारा.

ओल मोजायचं मीटर मी नुकत्याच झालेल्या दिवाळीत गोव्याहून आणलं होतं. ते कीलला टेकवलं की काटा हलायचा. पहिल्या दिवशी काटा अठ्ठावीसवर होता. तो पंधराच्या खाली आल्याखेरीज इपॉक्सी लावायचं नाही, हा नियम. आत ओल ठेवून वरून बंद केलं तर दोन-तीन वर्षांत फोड परत येतात, आणि या वेळी इतके खोलवर की होडीचं पोटच कमकुवत होतं.

पाच आठवड्यांनी काटा सव्वीसवर होता.

मी चीफसाहेबांना सांगितलं, जानेवारीत दव जास्त पडलं. फेब्रुवारी सरला तेव्हा सांगितलं, दक्षिणेचा वारा आहे. शिमगा झाला, पालख्या नाचून देवळात गेल्या, काटा सत्तावीस. मग मी दिवे लावून कील शेकली, धुणं दिवसाला तीन वेळा केलं. जितकी जास्त धुतली तितका काटा जागचा हलेना. हसनभाई एकदा हळूच म्हणाले की आपण हिला जरा जास्तच आंघोळ घालतोय का? मी त्यांना गोव्यात शिकलेलं सगळं ऐकवलं. ते गप्प झाले. माझ्यापुढे त्या दिवसांत सगळेच लवकर गप्प व्हायचे.

चैत्र लागला आणि मी एका निष्कर्षाला आले. दोष कामात नव्हता, होडीत होता. पाणी फायबर ओलांडून आतल्या लोखंडापर्यंत पोचलं असणार. लोखंड गंजून फुगतं आणि एक दिवस कील आतून उकलते. भर समुद्रात उकलली तर होडी उलटी होते, आतल्या माणसासकट. कील कापून नवीन करायची म्हणजे होडीच नव्याने बांधायची. गोव्यातल्या माझ्या उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, एवढं धुऊन सुकत नसेल तर आशा नको धरू, मोडीत काढ.

हे मी चीफसाहेबांना स्पष्ट सांगितलं. सांगताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला आज लाज वाटते.

ते टिटवीच्या सावलीत एका फळीवर बसले.

"चौतीस वर्षं मी समुद्रावर होतो," ते म्हणाले. "पण इंजिनरूमला खिडकी नसते, हेमांगीताई. वर वादळ आहे की चांदणं आहे, आम्हाला हादऱ्यांवरून कळायचं. ही घेतली तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला मी. सत्तरी येईल आता. दुसरी काही घेणं होणार नाही."

पुढच्या शनिवारी येऊन सामान घेऊन जातो, मग तुम्ही कापा, असं सांगून ते गेले.

तो शनिवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. मोठा करवत-कटर येऊन पडला होता. चीफसाहेब एकटेच होडीत चढले आणि एकेक वस्तू खाली देऊ लागले. होकायंत्र, शिडाच्या दोऱ्या, दोन उश्या, रॉकेलचा पितळी स्टोव्ह. आबा आणि हसनभाई खाली उभे राहून त्या झेलत होते. आईने चहा पाठवला. चीफसाहेबांनी हात जोडले आणि बाटलीचं बूच उघडलं.

इतके दिवस तुंबलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. खरा राग माझाच मला आलेला होता, पण तो काढायला समोर ते होते.

"तीन महिने झाले, चीफसाहेब," मी म्हटलं. "आमच्या घरचा घोटभर चहा तुमच्या घशाखाली उतरला नाही. आज शेवटचं येताय, तर सांगून जा. आमच्या हातचं तुम्हाला चालत नाही का?"

आबा म्हणाले, "हेमांगी, गप." पण मी हटले नाही.

चीफसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते शिडीवरून खाली उतरले, बाटली हातात तशीच. "अहो, असं मनातही आणू नका," ते म्हणाले. "तसं काही नाही."

"मग कसं आहे?"

त्यांनी आबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमचा चहा खारट लागतो."

मी हसले. हसनभाईही हसले. आबांना मात्र ते लागलं.

"खारट? आमची गोडी बाव? साहेबांनु, चार पिढ्यो ह्याच पाणी पितत."

"मला माफ करा," चीफसाहेब म्हणाले. "पहिल्याच दिवशी जाणवलं. पण दुसऱ्याच्या घरच्या पाण्याला नावं कशी ठेवायची?"

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि तोंडाला लावली. सावंतवाडीच्या पाण्याला मला काही चवच लागली नाही. मग चहासोबत आलेल्या तांब्यातलं आमचं पाणी प्यायले. ते नेहमीसारखंच लागलं, घरचं. मी पुन्हा त्यांचं प्यायले, पुन्हा आमचं. तिसऱ्या वेळी जिभेच्या कडेला काहीतरी कळलं.

खाली उतरवलेला पितळी स्टोव्ह मी तिथेच पेटवला. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत बाटलीतलं पाणी, एकीत विहिरीचं. एकेक करून दोन्ही आटवल्या. आम्ही चौघं त्या स्टोव्हभोवती उकिडवे बसलो होतो. पहिली वाटी आटली तेव्हा तळाला पुसटसा डाग राहिला. दुसरीच्या तळाला पांढरी, खरखरीत साल धरली. हसनभाईंनी बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ," ते म्हणाले.

आबा उठले आणि विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी खाडीचा खारबंधारा फुटला होता. भरतीचं पाणी शेतांत शिरलं, भाताच्या जमिनी खारावून गेल्या. त्यावर मोर्चे झाले, अर्ज झाले. विहिरीचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण विहीर एका दिवसात बदलली नव्हती. ती रोज थोडी थोडी बदलली आणि आम्ही रोज ती प्यायलो.

आई कपबश्या न्यायला आली होती. मी तिला विचारलं, पेजेत मीठ किती घालतेस? ती म्हणाली, घालत नाही. कधीपासून? तिने खूप आठवून पाहिलं. तिला सांगता येईना. आमच्या घरी पेजेत मीठ घालायचं कधी थांबलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

मला सगळं एकदम दिसलं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. फोडातली घाण मी रोज धुऊन काढत होते आणि रोज तिच्या जागी मीठ भरत होते. ते मीठ रात्रभर खाडीवरची हवा पीत होतं. जितकं धुतलं तितकं मुरवलं. काटा खाली येणार कसा? आणि मी निष्कर्ष काढला होता की होडी सडली आहे.

चीफसाहेबांना अजून पुरतं लक्षात आलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"टिटवीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे. तीन महिने मी तिला मिठाच्या पाण्याने धुतेय. हसनभाईंनी टोकलं होतं, मी ऐकलं नाही. आज तुम्ही चहाला हो म्हणाला असता, तर दुपारी मी तिला कापली असती."

ते हळूच खाली बसले. मला वाटलं, आता ते चिडणार, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी कपाळाला हात लावला.

"बॉयलरच्या पाण्यात मीठ किती आहे ते रोज तपासायचं, हे माझं काम होतं," ते म्हणाले. "चौतीस वर्षं. आणि इथे पहिल्या घोटाला मला मीठ कळलं, तर मी काय केलं? घरून बाटली आणायला लागलो."

डोंगरावर वाघजाईच्या देवळामागे बारमाही झरा आहे. त्याच दिवशी आम्ही तिथून टेम्पोने पिंपं आणली. पाणी गरम करून, मऊ ब्रशने, खड्डा न् खड्डा धुतला. आबांनी हातात ब्रश घेतला तेव्हा मी बघतच राहिले. त्या 'प्लास्टिक'ला त्यांनी तोवर बोट लावलं नव्हतं. त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी होतं, ते संध्याकाळी कळलं. ब्रश पिळताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ती पराडकराची?"

आदल्या वर्षी मे महिन्यात मी तारकर्लीच्या बाबली पराडकरांची पर्यटकांची बोट केली होती. माझं गावातलं पहिलं फायबरचं काम. तिलाही फोड होते, तीही मी याच विहिरीच्या पाण्याने धुतली होती. तेव्हा मीटर नव्हतं. हात लावून कोरडी लागली, म्हणून कोरडी आहे असं मीच ठरवलं आणि वरून बंद केलं.

"आधी टिटवीचं बघू," मी म्हटलं. कदाचित लोखंडापर्यंत पाणी खरंच गेलं असेल, मीठ हे निमित्त असेल, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. तसं असतं तर पराडकरांचा प्रश्नच उरला नसता. मला टिटवी वाचायला हवी होती आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात मी तिचा काटा अडकून राहायची वाट बघत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी काटा चोविसावर आला. आठव्या दिवशी एकोणीस. चीफसाहेब शनिवारची वाट न बघता येऊन राहिले, आमच्याच ओटीवर झोपू लागले. तेराव्या दिवशी सकाळी मी मीटर टेकवलं. चौदा. जागा बदलून पुन्हा टेकवलं. चौदा. कीलच्या दुसऱ्या अंगाला तेरा.

चीफसाहेब माझ्यामागे वाकून उभे होते. ते टिटवीच्या पोटाखाली शिरले, दोन्ही तळवे कीलवर ठेवले आणि तसेच राहिले. हसनभाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि इपॉक्सीचे डबे मोजायला घेतले. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. त्या पावसाळ्यात टिटवी शेडमध्ये तयार होऊन राहिली आणि दसऱ्यानंतर पौर्णिमेच्या उधाणाला पाण्यात गेली. एकवीस वर्षं झाली, तिच्या कीलवर पुन्हा एक फोड नाही.

पण त्या सकाळी मीटर बंद करताना मला कळत होतं की चौदाचा आकडा दोन होड्यांचा निकाल होता. टिटवी वाचली होती ती पाणी बदलल्यामुळे. म्हणजे दोष पाण्याचाच होता, आणि तेच पाणी पराडकरांच्या बोटीत मी स्वतः बंद करून दिलं होतं. ती बोट रोज वीस-वीस माणसं घेऊन समुद्रात जात होती.

मी ऑफिसात जाऊन फोन उचलला. आबा दाराशी येऊन बसले.

पराडकर खुशीत होते. मे महिना जवळ आलेला, गिऱ्हाइकांना जागा पुरत नव्हती. बोट झकास चालते म्हणाले, गावात सगळ्यांना ते माझंच नाव सांगतात म्हणाले, मेव्हण्याची बोटसुद्धा यंदा माझ्याचकडे धाडणार होते. मी त्यांना सगळं बोलू दिलं. मग सांगितलं.

"पराडकरांनु, बोट वर काढा. आजच. मी ती खाऱ्या पाण्यान धुवन वरसून बंद केलंय. आत ओल रवली हा. माझी चूक, मी परत करून देतंय."

पलीकडून त्यांचा आवाज आला, एकदम हलका.

"ह्या आणखी कोणाक म्हायत आसा?"

"घराभायर कोणाक नाय," मी म्हटलं. "म्हणानच माका सांगूक व्हया."